जनीची हाय

विचारलंतच म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. आणि मध्येच 'भास झाला असेल तुला' असं म्हणणार असाल, तर आत्ताच सांगा. चहा टाकते आणि आपण दुसरं काहीतरी बोलू.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. पनवेलला आमच्या कॉलेजात मी पदवीचं प्रमाणपत्र आणायला गेले होते. साधं काम. सही करायची, कागद घ्यायचा आणि निघायचं. खिडकीमागच्या बाईंनी सही घेतली, माझा जुना फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "समीक्षा, तुमच्या बॅचला वर्गप्रतिनिधी तुम्हीच होतात ना?"

"हो."

"मग एक काम करा. ह्या मुलीचे दहावी-बारावीचे मूळ कागद तीन वर्षं आमच्याकडे पडून आहेत. दोनदा पत्रं टाकली, घरचं कुणी फिरकत नाही. तुमचा जुना पत्ता त्याच बाजूचा दिसतोय. पोचवाल का?"

खाकी पाकीट होतं. वर निळ्या पेनने नाव लिहिलेलं. जनी. पुढचं आडनाव वाचायची मला गरजच नव्हती. 'नाही जमणार' म्हणायला मी तोंड उघडलं, पण मागे रांग होती. लोक बघत असले की मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. पाकीट घेतलं.

आता जनी कोण ते ऐका.

आमचं दुसरं वर्ष अख्खं लॉकडाऊनमध्ये गेलं. मोबाईलवर वर्ग, मोबाईलवर परीक्षा. आमचे दीनानाथ सर मूळ पुण्याचे, शब्द तोलून मापून बोलणारे. त्यांनी नियम केला होता की दर गुरुवारी दुपारी बारा ते एक चर्चा. नुसतं ऐकायचं नाही, बोलायचं. त्या चर्चेला पंचवीस मार्क होते, हजेरीचे आणि सहभागाचे मिळून. त्यात जो नापास, तो वर्षात नापास. सर एकेकाचं नाव पुकारायचे, ज्याने त्याने चॅटमध्ये उत्तर द्यायचं आणि मी वर्गप्रतिनिधी म्हणून समोरच्या तक्त्यात 'ह' किंवा 'गै' लिहायचं. हजर किंवा गैरहजर. माइक बंद-चालू करायचा अधिकारही सरांनी माझ्याकडेच दिला होता. मला त्याचा भारी तोरा होता.

पहिल्याच गुरुवारी सरांनी पुकारलं, "जनी?"

मग चॅटमध्ये एकच शब्द आला.

'हाय'

सर म्हणाले, "हो, हाय हाय. आधी उपस्थिती सांगा, नमस्कार-चमत्कार नंतर."

सगळा वर्ग हसला. ऋचाने हात हलवणारं ते पिवळं चित्र टाकलं. तिच्यामागून आणखी पाच-सहा जणांनी टाकलं. हॅलो जनी! हाऊ आर यू जनी!

मीही हसले. आणि तिथेच माझं सगळं बिघडलं, कारण त्या चाळीस जणांत तो शब्द कळलेली मी एकटी होते.

आमच्या पनवेल-उरणच्या गावांत 'आहे'ला 'हाय' म्हणतात. भात हाय, पानी नाय. मी हाय, आमी हाव. जनी, आहेस का, असं विचारलं तर जनी दुसरं काय सांगणार? हाय. म्हणजे आहे. बसलेय. ऐकतेय. ती बिचारी चोख हजेरी देत होती आणि वर्गाला वाटत होतं ही फॅशन मारतेय.

माझ्या घरी तीच बोली. आमची शेती विमानतळात गेली आणि आम्ही नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा मी आठवीत होते. नव्या शाळेत पहिल्या दिवशी 'पानी नाय हाय' म्हणाले तर बाकावरची मुलगी फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून मी जीभ धुऊन काढली. कॉलेजात तर कुणाला पत्ताच नव्हता. ऋचाला वाटायचं आम्ही साताऱ्याचे. वर्ग चालू असताना आई काही बोलत खोलीत आली, की मी आधी माइक बंद करायचे आणि मग तिच्यावर डोळे वटारायचे. स्वतःच्या आईवर. सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतेय.

दुसऱ्या गुरुवारी परत तेच. "जनी?" 'हाय'. सर वैतागले. म्हणाले, "यापुढे 'हजर' लिहिलं तरच हजेरी. हाय-बाय चालणार नाही. समीक्षा, हिचं नेट तुटतंय, माझं ऐकू गेलं नसेल. तू तिला कळव."

मी म्हणाले, "हो सर."

वर्ग संपल्यावर ऋचाचा फोन आला. "काय गं ती जनी! तुला कळते का तिची भाषा?"

"छे गं," मी म्हणाले. "हाय म्हणजे हाय. मला काय माहीत."

एकदा असं बोलून बसल्यावर कळवणार कसं? 'हाय लिहू नकोस, हजर लिही', एवढा एक निरोप. पाच शब्द. उद्या कळवू, परवा कळवू, असं करत राहून गेलं. खोटं कशाला बोलू, राहून नाही गेलं. मी नाही कळवलं. ती पाच शब्द समजून घेईल आणि वर 'ताय, तू आपल्यातलीच हाय ना?' असं सगळ्यांसमोर चॅटमध्ये लिहील, ह्याची मला भीती होती.

तिच्या नावापुढे 'गै' लिहीत गेले. गै, गै, गै. एकदा तिने मला वेगळा मेसेज केला होता. 'ताय माजी हजेरी लागत नाय. वर्ष गेलं तर बा शिकवनार नाय. सरांना सांग ना मी रोज हाय.' मी उत्तर टाकलं, 'कृपया तुम्ही सरांशी संपर्क साधा.' तुम्ही! माझ्याहून सहा महिन्यांनी लहान पोर ती.

तिच्या गावात रेंज नव्हती हे नंतर कळलं. खाडीकडच्या बाहेरच्या बांधावर अगदी टोकाला गेलं, की रेंजच्या दोन कांड्या यायच्या. भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन ही पोर तिथे उभी राहायची. एका बाजूला पडीक मिठागर, दुसऱ्या बाजूला खाडी.

त्या सत्रातला शेवटचा गुरुवार अमावास्येचा होता. अमावास्येला भरतीचं पाणी आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला चढतं, हे खाडीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण वर्गात कोण तिथीचा विचार करतंय? चर्चेचा विषय होता, 'ऑनलाइन शिक्षण आणि ग्रामीण विद्यार्थी'. ऋचा तिच्या गॅलरीत बसून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अडचणींवर बोलत होती. छानच बोलत होती. मध्येच कुणाचातरी माइक उघडला आणि घूंऽऽ असा वारा आला. वाऱ्याच्या खाली दुसरा एक आवाज. भांड्यात पाणी भरत यावं तसा.

"कोण आहे? समीक्षा, बंद कर ते," सर म्हणाले.

जनीचं नाव होतं. मी म्यूट केलं. तिने परत उघडलं. मी परत बंद केलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मी चिडले आणि तिला आपणहून माइक उघडताच येऊ नये, असं बटण असतं ना, ते दाबलं.

मग ती चॅटमध्ये लिहायला लागली.

'हाय'
'मी हाय'
'मी हाय हितं'
'हाय'
'हाय'

ऋचाने पिवळा हात टाकला. कुणीतरी हसणारं तोंड टाकलं. थोड्या वेळाने ते शब्द यायचे थांबले. एक वाजता वर्ग संपला आणि मी तक्त्यात 'गै' लिहिलं.

बांध फुटला होता. दुसऱ्या दिवशी जनी तिवरांच्या झाडीत सापडली. वर्गाच्या ग्रुपवर बातमी आली, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, दीनानाथ सरांनी पुढच्या वर्गात दोन मिनिटं शांतता पाळली. म्यूट असलेल्या चाळीस मुलांची शांतता. मी आईला फक्त एवढंच सांगितलं, की वर्गातली एक मुलगी गेली आणि मी तिची हजेरी लावत नव्हते. आई भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "गरिबाची हाय लागते गो." तो शब्द मी तेव्हा तिसऱ्या अर्थाने ऐकला.

असो. तर ते पाकीट.

आठवडाभर कपाटात ठेवलं. मग एका सकाळी म्हटलं, जाऊन देऊन येऊ, दोन मिनिटांचं काम. गुरुवार होता हे मला रिक्षेत बसल्यावर कळलं, देवाशपथ आधी लक्षात नव्हतं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग, धूळ, भोंगे. तिथून आत वळलं की एकाएकी सगळं गप्प. रिक्षावाल्याने देवळापाशी सोडलं. साडेअकरा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. खाजणातल्या चिखलाचा तो ओला, खारट, कुजकट वास आला. मला लहानपणी तो आवडायचा. त्या दिवशी मात्र मी नाकाला रुमाल लावला.

घर शेवटचं होतं. पत्र्याची पडवी, दारात सुकटीचं फडकं पसरलेलं. त्यावर एकही माशी नव्हती. कावळाही नव्हता.

"कोणी आहे का?"

आतून एक बाई आली. पन्नाशीची, वाळलेली, कपाळावर गोंदण. ही शकू, जनीची आई. माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि एकदम तोंडभर हसली.

"समीक्षा नं गो तू? ये, ये. बस."

"तुम्ही... मला कशा ओळखता?"

"आवाज वलखला तुजा. लगेच वलखला." तिने पाट पुढे सारला. "आमची जनी सारखी तुजं नाव घ्यायची. माजी हजेरी लागत नाय, असं सांगून एक दिस लय रडली. मी बोलले, सोडून दे ती शाला. तर बोलली, नाय गो आये. तिथं समीक्षा हाय ना. तिच्या फारमावर आपल्या बाजूचं गाव हाय, मी बघितलंय. ती सरांना सांगल."

म्हणजे जनीला पहिल्यापासून माहीत होतं. वर्गात एकदाही तिने ते लिहिलं नाही. मी चाळीस जणांसमोर घाबरून बसले होते आणि त्या पोरीने माझं झाकून ठेवलं होतं. मला रडू आलं. पाकीट शकूबाईच्या हातात दिलं आणि मी उठले.

"जातेस कशाला? बाराला दहाच मिनिटं हायत. तुमचा क्लास होऊ दे की."

"कसला क्लास?"

"असं काय करतेस? दर गुरवारचा." तिने भिंतीकडे बोट केलं.

खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. आत मोबाईल. काच तडकलेली, मागचं झाकण फुगून उघडं पडलेलं, कडेने पांढरं मीठ फुटलेलं. पाण्यातून काढलेला. असला फोन दुरुस्तीवालाही हातात धरणार नाही.

"तीन वर्सं झाली," शकूबाई म्हणाली. "चार्जिंगला लावलाच नाय कवा. बाराला आपलाआपन लागतो. मला लिव्हता-वाचता येत नाय, पन लेक बोलते तेवडं ऐकते. कुनाला सांगत नाय. सांगितलं तर काढून नेतील." तिचा आवाज खाली आला. "एक विचारू गो तुला? राग नको मानू."

"...विचारा."

"ती इतकी साद घालते. दर टायमाला. आनि तू तिला असं काय बोलतेस?"

"मी? मी काही नाही बोलत... मी तर..."

"तूच. तुजाच आवाज. शेरातलं नाय, आपल्यासारखंच बोलतेस."

मी विचारलं, "काय बोलते मी?" विचारायला नको होतं.

तिने नुसतं पिशवीकडे बघितलं. पडवीतला उजेड तसाच होता, कडक, पांढरा. पण थंडी वाजायला लागली. लांब कुठेतरी बोटीचा भोंगा झाला आणि थांबला. मग पिशवीच्या आत निळसर काहीतरी उजळलं.

आधी वारा. तो मी ओळखला. मग वाऱ्याच्या खालचं ते पाणी, भरत येणारं, सावकाश. आणि मग अगदी जवळून, धाप लागलेली, सोळा-सतराचीच वाटावी अशी एक मुलगी.

"हाय... मी हाय... मी हाय हितं..."

शकूबाईने पदराचं टोक दातांत धरलं. कान फोनकडे, डोळे माझ्याकडे.

मग माझा आवाज आला. माझाच. लहानपणीचा, धुऊन काढायच्या आधीचा. थंडपणे, कामात असल्यासारखा.

"कोन जनी?"

"मी हाय ना..."

"कोन जनी?"

माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी धावले, ती पिशवी दोन्ही हातांनी धरली. आतून गार होती, चिखलासारखी. आणि मी ओरडले. आयुष्यात कधी नाही इतक्या मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, माझ्या आईच्या बोलीत ओरडले. जनी हाय! सर, जनी हजर हाय! पहिल्या दिसापासून हाय! मी बघितलंय, ती हाय!

भांडं तोंडापर्यंत भरल्यासारखा पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. उजेड गेला. मला वाटलं, सुटलं. मी वळून शकूबाईकडे पाहिलं. तिने मला जवळ घ्यावं असं वाटत होतं मला, काय ही माझी हाव!

ती भिंतीला टेकली होती. हात पुढे करून, मला लांब ठेवायला.

"तोंडावर पन?" ती म्हणाली. "माज्या घरात उभी राहून, माज्या तोंडावर पन तेच बोललीस गो?"

"मी म्हटलं ती हजर आहे! तुम्ही ऐकलंत ना?"

"चार वेला बोललीस. कोन जनी, कोन जनी..." तिने तोंड फिरवलं. "जा गो बाय. जा तू."

मी कशी आले, कुठून रिक्षा मिळाली, काही आठवत नाही. दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. भीतीच वाटायची, की आपण एक बोलायचो आणि समोरच्याला दुसरंच ऐकू यायचं. मग ठरवलं, बोलायचंच नाही. लिहायचं. लिहिलेलं तर कुणी बदलत नाही ना?

कॉलेजला अर्ज केला. हाताने लिहिला, दोन्ही बाजूंनी भरून. अमुक वर्षी मी वर्गप्रतिनिधी असताना जनी ह्या विद्यार्थिनीची हजेरी मी जाणूनबुजून चुकीची मांडली. ती प्रत्येक चर्चेला उपस्थित होती. शेवटच्या दिवशीही उपस्थित होती, तिचा माइक मी बंद केला. तिच्या नावापुढच्या सगळ्या नोंदी 'हजर' अशा दुरुस्त कराव्यात आणि तसं पत्र तिच्या आईला द्यावं. दोष सर्वस्वी माझा. तीनदा वाचला. काना, मात्रा, वेलांटी सगळं तपासलं, शुद्धलेखनात माझा हात धरणारं कुणी नाही. खाली सही केली. स्वतः जाऊन त्याच खिडकीत दिला, शिक्का मारून पोच घेतली.

तीन आठवड्यांनी तो टपालाने परत आला. तोच कागद, माझ्याच अक्षरातला, खाली माझीच सही. वरच्या अंगाला माझे दोनच शब्द होते आणि बाकीचं अख्खं पान दोन्ही बाजूंनी कोरं. कोऱ्या भागात कुणीतरी लाल पेनने शेरा मारला होता, 'अर्जदाराने शुद्धलेखन तपासून पुन्हा सादर करावा.' आणि 'कोन'मधल्या 'न'ला गोल करून वर 'ण' लिहिला होता.